डोळ्यांत तेल

काका-काकू परदेशात पोहोचले त्याच दिवशी शहरभर इशाऱ्याचे फलक लागले: ‘संशयास्पद व्यक्ती दिसल्यास पोलिसांना कळवा.’ झालं! निवृत्त हेडमास्तर असलेले काका डोळ्यांत तेल घालून फिरू लागले. चित्रं बघायची काकूंची जन्माची हौस. पण संग्रहालयातही काका खांबाआडून एकेकाकडे रोखून बघत होते आणि कुणी जवळ आलं, की काकूंना ओढत दाराकडे नेत होते.

शेवटी दोन पोलीस आले आणि चौकशीला काकांनाच घेऊन गेले.

"काकू, घाबरू नका," टूरवाली मुलगी म्हणाली, "कुणीतरी तक्रार केलीय. अर्ध्या तासात सोडतील."

&nbsp;

"अर्ध्याच तासात?" काकू पुढच्या दालनाकडे निघत म्हणाल्या, "मग जरा तिखटमीठ लावून सांगायला हवं होतं मी!"