डावखुरी गाठ

म, ग, र, ह. न, प, ख.

बारा खाटा, एक आरसा.

वरच्या खाटेवरच्याने खाली मोजे वाळत घालू नयेत.

गठ्ठे बांधायच्या खात्याला खिडकी नाही.

चादर टेबलावर मिळेल, अंथरायची आपली आपण.

यातली पहिली ओळ भाचीने मावशीकडून गाडीत घोकून घेतली होती. उद्या सकाळी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात मावशीची तपासणी होती. नजर ठीक असल्याचा कागद मिळाला तर कापड गिरणीतला माग तिच्याकडे राहणार; नाहीतर मुकादम तिला गठ्ठे बांधायला बसवणार. अक्षरांच्या तक्त्याचा फोटो भाचीने कुठूनसा पैदा केला होता. डोळ्यांच्या डॉक्टरच्याच डोळ्यांत धूळ फेकायची, असा बेत.

रात्रीच्या मुक्कामाला दोघी युवक वसतिगृहात आल्या, तर तिथल्या टेबलावरची बाई मावशीचे पांढरे केस बघून म्हणाली, इथे तरुण मंडळी उतरतात. भाची म्हणाली, ही वरची खाट घेणार आहे, आता बोला. बाईने हसून दोन चादरी पुढे केल्या.

मावशीने चादर झटकली, गादीवर टाकली, सवयीने उलट्या बाजूवरून हात फिरवला आणि थांबली. पुन्हा फिरवला.

"काय टोचलं?" भाचीने विचारलं.

"गाठ आहे. माझी."

मागावर तुटलेला धागा सगळ्याच बाया सांधतात. पण मावशी डावखुरी. सगळ्यांच्या गाठीचं शेपूट एकीकडे, हिचं दुसरीकडे. तुझं कापड पाठमोरं चालतं, म्हणून बाया तिला चिडवायच्या.

खालच्या खाटेवर कुठल्या तरी दूर देशातली एक मुलगी भर दुपारी बुटांसकट झोपली होती. तोंड उघडं, गालाखाली चादर ओली. मावशीने तिला न उठवता कड चाचपली. तिथेही होती. मावशी त्या मुलीकडे बघत राहिली. इतकी वर्षं कापड गठ्ठ्यातून बाहेर जाताना पाहिलं होतं. त्यावर कुणी झोपतं हे तिला ठाऊक होतं, समुद्र खोल असतो हे ठाऊक असावं तसं.

बाकीच्या चादरी कुठे, असं तिने टेबलावरच्या बाईला विचारलं. बाईने पेन्सिलीने वर दाखवलं.

गच्चीवर ऊन आणि वारा. दोऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी. मावशीला दिसला तो नुसता पांढरा, हलता उजेड. ती त्यात शिरली. डाव्या हाताने एकेक चादर चाचपत निघाली. नाही. नाही. आहे. नाही. आहे. आहे. भाचीने मोजायला सुरुवात केली आणि मग मोजणं सोडून दिलं.

"अगं मावशी, सगळ्या तूच विणल्यास की काय?"

"हळू बोल," मावशी म्हणाली, जणू त्यांच्यावर अजून कुणी झोपलेलं होतं.

बऱ्याच वेळाने भाचीने आठवण केली, तक्ता एकदा म्हणून दाखव.

मावशीने ओली चादर गालाला लावली.

"नको. उद्या जे दिसेल ते सांगेन. नाही दिसलं तर तेही सांगेन."

"आणि माग गेला म्हणजे?"

मावशी पुढच्या चादरीकडे वळली होती.

कामाच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या मुकादमाने तिची गाठ उलटी पडली म्हणून कात्रीने कापून टाकली होती. ती सतरा वर्षांची होती.