नोंदणीकृत खेळाडू

साहेब, आमच्या सरकारी क्वार्टर्समागच्या मैदानावरचं जिवंत गवत तुम्ही उपटलंत, प्लास्टिकचं टर्फ अंथरलंत आणि वर फीत कापून फोटो काढून घेतलेत.

त्याच टर्फमध्ये माझ्या इशिताचा बूट अडकला. पाऊल जागेवरच राहिलं, गुडघा फिरला आणि लिगामेंट तुटला. दिल्लीच्या संघात नुकतीच निवड झाली होती तिची. डॉक्टर म्हणाले, फुटबॉल विसरा.

"गवत असतं ना बाबा, तर घसरले असते यार," ती म्हणाली. "आई कपड्यांवरच्या डागांवरून ओरडली असती, बस्स."

कोचना गाठलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "भाई साहब, इस टर्फ पर घायल होने वाली आपकी बेटी पाँचवीं है."

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. या टर्फवर आजवर किती खेळाडू जखमी झाले?

तुमचं उत्तर आलं: "एकही नाही. सलग पंधरा दिवस सरावाला गैरहजर राहणाऱ्यांची नावं नियमानुसार रजिस्टरमधून कमी केली जातात. सध्या रजिस्टरवर असलेले सर्व खेळाडू तंदुरुस्त आहेत. सबब आणखी बारा मैदानांवर असंच टर्फ टाकण्यास मंजुरी देण्यात आली आहे."




ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी इशिता वॉकर धरून पहिल्यांदा उभी राहिली, साहेब. पंधराव्या दिवशी तिने सरावाला कसं यायचं होतं, ते लेखी कळवा.