पंख्यातली लोकर

"स्क्रू एका वाटीत टाकू नकोस, निघतील त्या क्रमाने कागदावर मांड," मी सुनेला बजावले. शिवणयंत्र मी चाळीस वर्षे उघडून साफ केले. डॉक्टरेट करणाऱ्या हिला लॅपटॉपही स्वच्छ ठेवता आला नव्हता. तापून तो सारखा बंद पडत होता, आणि तासाभरात तिची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती.

"लोळत अभ्यास केल्यावर दुसरं काय होणार?"

तिने खालचे झाकण काढले. पंख्याच्या पात्यांत निळी लोकर गुंतली होती. लॅपटॉपचे आवरण मीच विणले होते. काम करतानाही ते काढायचे नाही, हा दंडकही माझाच.

"धूळ साचलीय, आई," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. चिमटा इकडे दे, माझा कचरा मी काढते."