सोनाबाईचं वेढणं

चौऱ्याहत्तर साली करकंबच्या सोनाबाईची दाढ कडक भाकरी खाताना तडकली. मुलगा आबासाहेब तिला सोलापूरला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन आला.

"मूळ घट्ट आहे, आजी. दाढ उपटायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "घासून बारीक करतो आणि वरून सोन्याची टोपी बसवतो. मग खुशाल चावा."

सोनाबाईने लगेच पदराची गाठ सोडली आणि बोटात घालायचं सोन्याचं वेढणं त्यांच्यापुढे ठेवलं.

आबासाहेब ओरडलाच. "आये, आगं हे तू मेल्यावर तोंडात घालायला जपलेलं न्हवं? वीस वर्सं कुणाला हात लावू दिला न्हाईस!"

डॉक्टरांचा हात थबकला.

"तुमी घ्या ओ डाक्टर, ह्याचीच टोपी करा," सोनाबाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती चुलीपुढे बसून कडक भाकरी कुडुमकुडुम खात होती. आबासाहेब अजून घुश्शातच होता. "आता शेवटच्या येळंला मी तुझ्या तोंडात काय घालू?"

सोनाबाई मोठा आ करून हसली. दाढ लखलखली.

"तुला कशाला तरास? मी घालूनच जाणार की! तू आत्ता तेवढी शेंगाचटणी वाढ."