अनुमोदक

साडेचार वाजले. गणसंख्या पुरी न झाल्याने सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केल्याचं तात्यांनी जाहीर केलं. खोलीत तेव्हा ते एकटेच होते.

जाहीर केलं तेही एस्पेरांतोत. अखिल भारतीय एस्पेरांतो संघाच्या सभेत दुसरी भाषा चालत नसे. कुणाचीच मायबोली नाही म्हणून सगळ्यांना सारखी, अशी ही भाषा. सोळा नियमांत मावणारी. तात्या पंचवीस वर्षांपूर्वी ती पुस्तकावरून शिकले आणि उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आपल्या घराच्या या पुढच्या खोलीत त्यांनी संघ काढला. परदेशातल्या मुख्य संस्थेच्या यादीत भारतापुढे अजून हाच पत्ता छापून येई.

खोलीत सात खुर्च्या मांडल्या होत्या. पाच शेजाऱ्यांच्या. अहल्याबाईंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, त्या सकाळीच आणून पुसून ठेवल्या होत्या.

शिकवण्यात तात्यांनी कधी हयगय केली नाही. शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवत तसंच ते इथेही शिकवत. दहादा विचारलं तर दहादा सांगत. "'मी' म्हणजे मीच," पहिल्या धड्याला ते म्हणत. "पाहा, सुरुवात तर घरचीच आहे." सगळे हसत. तिसऱ्या धड्याशी तुकडी गळून जाई. तात्या फळा पुसत आणि नव्या तुकडीला पुन्हा पहिला धडा सुरू करत. सभेत उभं राहून जो एक पूर्ण वाक्य बिनचूक बोलेल तो सदस्य, असा नियम होता. पंचवीस वर्षांत चाळीस जण झाले. काही वारले, काही विसरले. आता नवं मध्यप्रदेश राज्य झालं, जुन्या मध्यभारत राज्याची दफ्तरं भोपाळला चालली, आणि उरलेली कारकून मंडळीही त्यांच्यामागे गेली.

संघाचा चिटणीस सुधाकर दारात आला, तो चपला न काढता उभाच राहिला.

"सव्वापाचची बस आहे, तात्या. बायको-पोरं देवास गेटवर ट्रंकांवर बसून आहेत." त्याने पिशवीतून संघाचा रबरी शिक्का काढून तात्यांच्या हातात दिला.

"पाचपर्यंत थांब. ठराव आहे."

"संघ बंद करण्याचाच ना?" सुधाकर हसला. "तीन सालांपासून तोच चालू आहे. तुम्हीच मांडता, अनुमोदन कोणी देत नाही, ठराव पडतो, आणि संघ एक साल आणखी चालू! तरकीब तर खूब काढली तुम्ही."

"मग द्यायचं होतंस तू अनुमोदन."

"हिंमत नाही झाली," सुधाकर म्हणाला. मग त्याने आत डोकावून हाक दिली. "काकू, येतो हं. तात्यांना सांभाळा आता तुम्हीच."

"माझं कुठे ऐकतात ते?" अहल्याबाई आतून म्हणाल्या. "त्यांच्या सभेत मराठी चालत नाही."

सुधाकर वाकून नमस्कार करून गेला.

पाच वाजले. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. तात्या उठले आणि सात खुर्च्यांसमोर उभे राहून त्यांनी मागच्या सभेचा वृत्तांत वाचला. बाहेर टांगा थांबला. तात्यांनी वाचन थांबवलं आणि दाराकडे पाहिलं. टांग्यातली माणसं शेजारी गेली. तात्यांनी ओळ शोधून पुढे वाचलं. मागच्या वर्षी ते तापात असेच वाचत होते, आणि पुढच्या दाराची कडी दिवेलागणीपर्यंत त्यांनी लावू दिली नव्हती.

मग त्यांनी ठराव मांडला. संघ आजपासून विसर्जित करावा.

त्यांना घाई नव्हती. 'अनुमोदकाअभावी ठराव बारगळला' ही ओळ त्यांनी सकाळीच वृत्तांताच्या वहीत लिहून ठेवली होती. शाई कधीच वाळली होती.

अहल्याबाई कपांचा ट्रे घ्यायला आल्या. सातही कप पालथेच होते. त्यांनी ट्रे उचलला नाही. पहिल्या खुर्चीमागे जाऊन तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"मी सुब्तेनास ला प्रोपोनोन," त्या म्हणाल्या.

ठरावाला माझं अनुमोदन आहे.

तात्या सवयीने चूक शोधू लागले. सापडली नाही. त्यांनी पुन्हा बोलायची खूण केली. अहल्याबाई पुन्हा बोलल्या. सावकाश, शब्द सुटे करून, तात्या पहिल्या धड्याला बोलत अगदी तसं.

"कधी शिकलीस गं?" तात्यांनी विचारलं. पंचवीस वर्षांत सभेत ते पहिल्यांदाच मराठीत बोलले होते.

सभा चालू होती. अहल्याबाईंनी नुसतं वहीकडे बोट केलं. डोळे भरले होते, पण बोट खाली आलं नाही.

तात्या खाली बसले. अनुमोदन सदस्याचंच चालतं, आणि सदस्य व्हायला वाक्य बिनचूक लागतं. 'एक चूक आहे' एवढं ते म्हणाले असते, तर ठराव पडला असता. ती चूक होती की नव्हती हे सांगणारं दुसरं माणूस साऱ्या उज्जैनमध्ये नव्हतं.

पण बरोबर उत्तरावर फुली मारणं तात्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्यांनी सकाळची ओळ खोडली. सदस्यांची नोंदवही उघडली, चाळीस नावांखाली एक्केचाळिसावं नाव लिहिलं आणि प्रवेशाची तारीख घातली. मग तीच तारीख वृत्तांताच्या वहीत ठरावाखाली घालून त्यावर संघाचा शिक्का शेवटचा उमटवला.