वाडग्यातली वाईन

सूर्यकांत तरुणपणी नोकरीनिमित्त वर्षभर फ्रान्सच्या एका खेड्यात राहिला होता. तिथले शेतकरी वाडग्याच्या तळाशी उरलेल्या सूपमध्ये तांबडी वाईन ओतत आणि वाडगा सरळ तोंडाला लावत. त्यालाही तीच सवय लागली. पण यकृताचं दुखणं निघाल्यापासून, गेली चार वर्षं, त्याच्या बायकोने, उल्काने, घरात वाईनचा थेंब येऊ दिला नव्हता.

आज त्याचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून एकटीच परतताना ती मल्लेश्वरमच्या वाईनच्या दुकानात शिरली.

"कोणती देऊ, अक्का?"

तिने समोर दिसली ती बाटली घेतली आणि कितीतरी वेळ फुटपाथवर तशीच उभी राहिली.

दुपारी त्याचं सूप संपत आलं, तशी तिने वाडग्यात वाईन ओतली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून त्याने सगळं पिऊन टाकलं.

"अगं, पथ्य सुटलं की काय माझं?"

"हो. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"बघ, मी म्हणत नव्हतो? औषध लागू पडतंय."



औषधंही आजपासून बंद करायला सांगितलीयत, एवढं मात्र तिने सांगितलं नाही.