मधोमध लाइलचं नाव

टबातलं पाणी काळ्या चहासारखं झालं, तेव्हा अर्लिसला बरं वाटलं. एकोणीस वर्षांचा मळ होता तो. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला आई, व्हर्डेल, आता टबात भिजणारा हा टेबलक्लॉथ ग्रेव्हीच्या डागांसकट अंथरायची. अर्लिस शहरातून यायची आणि दरवर्षी टोमणा मारायची, "आई, या टेबलावर कुत्रंसुद्धा जेवणार नाही." व्हर्डेल ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि आपली बशी नेहमीच्या कोपऱ्यावर ठेवायची.

व्हर्डेलला जाऊन आता दोन महिने झाले होते. नाताळ झाला की अर्लिसचे बाबा, ऑरिन, गावातल्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. तिथे एक पलंग आणि एक कपाट, बस. घरातल्या कपड्यालत्त्यांचं करायचं काय, हा प्रश्न होताच. आईनं भरतकाम केलेले अभ्रे, क्रोशाचे रुमाल, हा टेबलक्लॉथ, सगळं कापून अर्लिस त्यांच्यासाठी एक गोधडी शिवणार होती. बाबांनी एकच मागणं घातलं होतं.

"बाकी काय हवं ते कर. लाइलचं नाव तेवढं मधोमध ठेव."

लाइल अर्लिसचा धाकटा भाऊ. त्याचं नाव टेबलक्लॉथवर असणारच, कारण सगळ्यांचीच होती. पंगत उठली की व्हर्डेल शिवणाच्या डब्यातलं निळं पेन पाहुण्यांच्या हातात द्यायची आणि प्रत्येकानं कापडावर सही करायची. मग हिवाळाभर ती त्या सह्यांवरून लाल दोऱ्यानं टाके घालायची. टाके पुरे झाले की कापड पाण्यात बुडवायचं. निळी शाई निघून जायची, लाल नाव राहायचं.

अर्लिसनं टेबलक्लॉथ पिळून, वाळवून खिडकीपाशी धरला. बेचाळीस नावं निघाली, पाद्रीबुवांपासून शेजारच्या वेंधळ्या एल्मरपर्यंत. लाइल कुठे नव्हता. आईच्या बशीच्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागा कोरी होती. तिथे सुईचं एक भोकसुद्धा नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं. एकोणीस वर्षांपूर्वी लाइलनं सही केली आणि दहाच दिवसांनी गोठलेल्या तळ्यावरचा कोवळा बर्फ फुटून तो ट्रकसकट बुडाला. टाका घातला असता तर त्याचं अक्षर दोऱ्याखाली गेलं असतं. म्हणून आईनं टाका घातला नव्हता, आणि म्हणूनच कापडाला पाणी लागू दिलं नव्हतं. अर्लिसनं डाग काढायची पावडर दोन कप घालून ते सकाळपासून भिजवलं होतं. आधी धुवा, मग कापा, असं ती तीस वर्षं इतर बायकांना शिकवत आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवराआवरीत तिला लाइलचा मासेमारीचा जुना परवाना सापडला होता. त्यावर त्याची सही होती. तिनं तो खिडकीच्या काचेवर धरला, वर टेबलक्लॉथचा कोरा कोपरा ताणला आणि निळ्या पेनानं सही गिरवली. आपण बापाला फसवतोय हे तिला कळत होतं. पण त्यांना खरं सांगायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

ऑरिन कॅफेतून परतले. "काय गं, गोधडी करतेयस की लाँड्री काढलीस?"

तिनं कापड पुढे केलं. "हे लाइलचं नाव. मधोमध लावते."

ऑरिननी चष्मा कपाळावर सरकवला. नाव डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"हे ते नव्हे," ते म्हणाले.

अर्लिसला रडू फुटलं. पाणी, पावडर, खिडकी, सगळं तिनं सांगून टाकलं. "तुमचं एवढं एकच मागणं होतं, बाबा, आणि मी ते धुऊन टाकलं."

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "तू शिवणकामातली. न धुता हे पेन किती वर्षं टिकतं?"

"दोन. फार तर तीन," ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

"तिसऱ्या वर्षीच फिकं पडायला लागलं. तुझी आई चर्चला गेली की मी हळूच गिरवायचो. एका वर्षी राहून गेलं. नंतर बघतो तर काहीच नाही. मग आठवून आठवून लिहिलं. तेव्हापासून दरवर्षी मीच लिहितो. चौदा वर्षं झाली."

"आईला कळलं नाही?"

"कसं कळणार? बशी ठेवायच्या आधी त्या नावावरून बोट फिरवायची. म्हणायची, किती मन लावून लिहिलंय बघ. मला तोंड वर करवत नसे." त्यांनी कापडावरचं नाव पुन्हा न्याहाळलं. "हे मात्र खरंच लाइलचं अक्षर आहे. तुला कुठे मिळालं?"

अर्लिसनं परवाना त्यांच्या हातात दिला. "आईच्या रुमालांच्या घडीत होता. जपून धरा, सारखा उघडून उघडून घडीवर फाटलाय."

ऑरिननी तो उघडला नाही. नुसता हातात धरून बसले.

"म्हणजे मन लावून लिहिलंय, ते ती मला म्हणत होती," ते म्हणाले.